शेजारच्या घरात दारू आहे; शेजाऱ्याने नेमके काय करावे?

प्रश्न: कास्तकारीण, यवतमाळ जिल्हा

नमस्कार. ज्या घराविषयी लिहीत आहे त्या घराची आणि आमची भिंत एकच आहे, त्यामुळे तिकडचे बोलणे ऐकायचे नाही असे ठरवले तरी ते कानावर येतेच. घरात भाऊ, वहिनी, भाऊंची म्हातारी आई, दहावीतली मुलगी आणि सहावीतला मुलगा अशी पाच माणसे आहेत. चार एकर कोरडवाहू वावर आहे आणि त्यात पऱ्हाटी (कापूस) व तूर असते. भाऊ पूर्वी पोळ्याला किंवा लग्नाच्या वरातीत घ्यायचे. आता सकाळी उठल्यावर देशी पोटात गेल्याशिवाय त्यांच्या हाताची थरथर थांबत नाही. वावराचे सगळे काम वहिनी एकट्या ओढतात आणि घरची वेचणी आटोपली की दुसऱ्याच्या वावरात रोजाने जातात.

मी काही गोष्टी करते, पण त्या बरोबर आहेत की नाहीत हे मला कळत नाही. मागे रेशनचे तांदूळ भट्टीच्या, म्हणजे देशी दारूच्या दुकानाच्या, उधारीत गेले, तेव्हापासून वहिनी तांदळाचे चुंगडे (पोते) आमच्या कोठ्यात ठेवतात आणि रोज संध्याकाळी पदराखाली झाकून वाटीभर तांदूळ घेऊन जातात. आमच्या घरच्यांना हे पसंत नाही. उद्या भाऊ दारात उभे राहून शिव्या देतील, असे त्यांचे म्हणणे आहे. वहिनी बचत गटाच्या बैठकीला आल्या नाहीत की त्यांना ताप आहे असे मी सांगते. भाऊ मुलीच्या पुस्तकांसाठी म्हणून पैसे मागायला येतात. नाही म्हणावे तर लेकराचे नुकसान होते आणि द्यावेत तर ते कुठे जातात हे साऱ्या गावाला माहीत आहे.

खरा प्रश्न मात्र पुढे आहे. अलीकडेच भाऊंनी आईच्या पायावर हात ठेवून शपथ घेतली, तुळशीची माळ घातली आणि दारू एका दिवसात बंद केली. आम्हा सगळ्यांना फार आनंद झाला. दुसऱ्या दिवशी त्यांना दरदरून घाम सुटला, हातात चहाचा कप ठरेना. तिसऱ्या रात्री ते भिंतीवरून मुंग्या झटकू लागले आणि वारलेल्या काकांशी बोलू लागले. म्हाताऱ्या आईने ही बाहेरची बाधा आहे असे ठरवून त्यांना बाजूच्या गावातल्या जाणत्याकडे नेले. तिथे कोणीतरी "थोडी पाजा, उतरेल" असे सुचवले. पाजली, आणि ते खरोखर शांत झाले. आता घरचे म्हणतात, दारू सोडली तर हा माणूस मरेल. त्यातच एका पाहुण्याने चहात गुपचूप मिसळायची पुडी आणून दिली आहे. ती द्यावी की नाही, हे वहिनींनी मला विचारले आहे. कृपया जाणकारांनी सांगावे.

उत्तर: परिचारिका, वर्धा

ताई, पुडी देऊ नका. हे पहिल्यांदा सांगते, बाकीचे नंतर. अशा पुड्यांमध्ये काय असते हे विकणाराही सांगत नाही. काहींमध्ये डायसल्फिराम नावाचे औषध असण्याची शक्यता असते. हे औषध शरीरात असताना दारू घेतली तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब खाली जातो, आणि क्वचित जीवही जातो. शेवटच्या गोळीनंतरही त्याचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो. डॉक्टर हे औषध देतात, परंतु रुग्णाला पूर्ण समजावून, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करूनच. ज्याला आपल्या चहात काय आहे हे माहीत नाही, तो संध्याकाळी भट्टीवर जाणारच.

आता त्या तिसऱ्या रात्रीविषयी. तुम्ही जे वर्णन केले आहे ते बाहेरच्या बाधेचे नाही. वर्षानुवर्षे रोज दारू घेणाऱ्याच्या मेंदूला तिची सवय झालेली असते. ती अचानक तुटली की तो मेंदू खवळतो. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत अपस्मारासारखे झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही जणांना भ्रम होतो, म्हणजे किडे दिसतात, मेलेली माणसे दिसतात, आपण कुठे आहोत हे कळत नाही, अंगात ताप चढतो. या अवस्थेत उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. पाजल्यावर भाऊ शांत झाले याचेही कारण हेच आहे: मेंदूला हवी ती वस्तू परत मिळाली. म्हाताऱ्या आईंनी जे पाहिले ते खरेच होते, कारण तेवढे दुसरे होते. त्यामुळे त्यांना वेडे ठरवून वाद घालू नका. बाहेरची बाधा असेल तर ती नेमकी दारू सुटल्यावर तिसऱ्या दिवशीच का येते, एवढाच प्रश्न त्यांच्यापुढे ठेवा.

दारू सोडली तर माणूस मरेल हा गावाचा निष्कर्ष अर्धा खरा आहे. घरात, उपचाराशिवाय, शपथेच्या जोरावर एका दिवसात सोडली तर धोका आहे. दवाखान्यात तीच गोष्ट साधारण आठवडाभरात, झोपेच्या व शांततेच्या औषधांची मात्रा रोज कमी करत, सुरक्षितपणे करता येते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे दाखवा. नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. या नावाने लोक घाबरतात, पण दारूचे रुग्ण तिथे वेडे म्हणून जात नाहीत. पुन्हा कधी भाऊंनी अचानक दारू बंद केली आणि झटका आला किंवा ते बरळू लागले, तर जाणत्याकडे जाणारी गाडी १०८ कडे वळवा. ती रुग्णवाहिका मोफत आहे.

एक गोष्ट आमच्या भागात फार दिसते म्हणून लिहिते. अशक्तपणा आला की लोक गावातल्या डॉक्टरकडून सलाईन लावून घेतात. दारूच्या रुग्णाच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायामिन, अनेकदा अतिशय कमी असते, आणि ते आधी न देता नुसते ग्लुकोज चढवले तर मेंदूला इजा होऊ शकते. त्यामुळे सलाईन लावणाऱ्याला हा माणूस किती पितो हे खरे सांगावे. घरचे नेमके तेच लपवतात.

आणि कृपया असे समजू नका की दारूबंदी असती तर हे घडले नसते. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे आणि मी वॉर्डात हेच रुग्ण पाहते.

उत्तर: आडवी बाटली, चंद्रपूर

वरील शेवटच्या वाक्याशी माझा मतभेद आहे. आमच्याकडे २०१५ मध्ये दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये ती उठली. मधल्या काळात चोरून मिळत होती हे मान्य, पण सकाळी सहाला दार उघडून बसलेले दुकान आणि लपूनछपून आणायची बाटली यांत फरक असतो. गावातील परवानाधारक दुकान बंद करण्यासाठी महिला मतदारांपैकी किमान २५ टक्के महिलांनी लेखी मागणी केली तर मतदान घेतले जाते आणि निम्म्याहून अधिक महिलांनी आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करण्याच्या चिन्हाला, मत दिले तर दुकान बंद होते. गडचिरोलीत २०१६ पासून मुक्तिपथ अभियानातून गावोगावच्या महिलांनी संघटना करून मोहाचा सडवा (दारू गाळण्यासाठी आंबवलेली मोहफुले) नष्ट केला, आणि त्याच्याच जोडीला तालुक्यांत व्यसन उपचाराचे दवाखानेही चालवले गेले. एकट्या शेजारणीने एका घरात पडण्यापेक्षा सगळ्या बायांनी भट्टीसमोर उभे राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर: घाटंजीची लेक

दुकान बंद व्हायला वर्ष लागेल. त्या दहावीतल्या मुलीला मार्चमध्ये परीक्षा द्यायची आहे. मी अशाच घरात वाढले आहे, म्हणून शेजाऱ्यांनी काय केले तेवढेच सांगते.

आमच्या बाजूच्या काकूंनी मला कधीही "तुझा बाप आज पिऊन आला का" असे विचारले नाही. संध्याकाळ झाली की त्या अंगणातून आवाज देत, "इकडे ये वं, शेंगा फोडायच्या आहेत." शेंगा खरोखर असत, पण थोड्याच असत, आणि त्या संपल्यावर काकू दिवा माझ्याकडे सरकवून स्वयंपाकाला लागत. माझा अभ्यास त्या घरात झाला. कोणी विचारले तर मी काकूंना मदत करायला जाते असे सांगता येत होते, आणि माझ्या आईचीही मान खाली जात नव्हती. मदत घेणाऱ्याला काम देणे हे त्यांनी कुठे शिकले होते कोणास ठाऊक.

काकांची रीत वेगळी होती. आमच्या घरात आवाज चढला की ते दारात येऊन उगाच काहीतरी मागत: विळा आहे का, बॅटरी आहे का, उद्या बैलबंडी मिळेल का. माझे वडील बाहेरच्या माणसासमोर हात उचलत नसत. काका विळा घेऊन ओट्यावर बसत आणि पावसापाण्याच्या गप्पा मारत, तोवर वडिलांना झोप लागे. त्यांनी वडिलांना उपदेश केल्याचे मला आठवत नाही. ज्याला उपदेश करायचा त्याला तो सकाळी, शुद्धीत असताना करावा. रात्री नऊला नशेतल्या माणसाशी वाद घालणारा शेजारी स्वतःच्या घरी निघून जातो आणि नशेतल्याचा राग त्याच्या घरातल्या बाईवर निघतो.

मुलांबाबत दोन गोष्टींचा आग्रह धरते. त्या मुलाला बापाला भट्टीवरून बोलावून आणायला कोणीही पाठवू नये. घरच्यांनी पाठवले तर तुमच्या घरच्यांपैकी एखाद्या मोठ्या माणसाने त्याच्यासोबत जावे. आणि गावात त्याची ओळख दारुड्याचा पोरगा अशी होऊ देऊ नये. हे नाव शाळेत चिकटले की सुटत नाही.

उत्तर: मीटिंगवाला, नागपूर

मी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या, सभांना जाणारा माणूस आहे, त्यामुळे पैशाविषयी मी लिहिलेले बरे. पुस्तकांसाठी मागितलेल्या पैशाला पुस्तक द्या. गोड बोलून, न चिडता: "भाऊ, पैसे नाही देणार, पुस्तकांची यादी द्या, मी शनिवारी दारव्ह्याहून आणतो." तो रागावेल, तुमच्या घरात दोन दिवस बोलणार नाही. पुन्हा मागेल, तेव्हा उत्तर शब्दन् शब्द तेच असू द्या. पिणाऱ्या माणसाला कोणत्या घरात कोणते कारण चालते याचे उत्तम ज्ञान असते. तुमच्या घरात एकही कारण चालत नाही हे त्याला कळले की तो येणे थांबवतो.

बचत गटाच्या बाबतीत माझे मत थोडे अवघड वाटेल. ताप आहे असे सांगू नका, आणि तो पितो म्हणून आली नाही असेही सांगू नका. ती गोष्ट वहिनींची आहे, कोणाला सांगायची ते त्या ठरवतील. "मला माहीत नाही, त्यांनाच विचारा" एवढे पुरे. दर वेळी शेजाऱ्याने पांघरूण घातले की पिणाऱ्याला त्याच्या पिण्याची झळ लागत नाही, आणि आमच्यापैकी बहुतेक जण झळ लागल्यावरच उपचारापर्यंत पोहोचले. पण झळ लागू देणे म्हणजे लेकरांना उपाशी ठेवणे नव्हे, म्हणून तांदळाचे चुंगडे तुमच्या कोठ्यातच राहू द्या. तो तांदूळ मुलांचा आहे.

वहिनींसाठी स्वतंत्र जागा आहे हे अनेकांना माहीत नसते. १९५१ मध्ये अमेरिकेत अल-अनॉन सुरू झाले ते पिणाऱ्यांच्या नातेवाइकांसाठी. त्यासाठी नवऱ्याने दारू सोडलेली असावी लागत नाही, त्याला सांगावेही लागत नाही, पैसे लागत नाहीत. तिथे पहिल्यांदा ऐकायला मिळते की हे तुझ्यामुळे झाले नाही आणि ते बरे करणे तुझ्या हातात नाही. सासू "तू त्याला नीट सांभाळले नाहीस" असे म्हणत असेल, तर हे वाक्य दुसऱ्या बाईच्या तोंडून ऐकण्याची त्यांना फार गरज आहे. प्रवास जमत नसेल तर १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर किंवा १४४१६ या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर त्या स्वतः बोलू शकतात. टेली-मानसवर मराठीतून बोलता येते. फोन तुमच्या घरून करू द्या.

प्रश्नकर्तीचे उत्तर: कास्तकारीण

सर्वांचे आभार. पुडी वहिनींनी चुलीत टाकली. विळा मागण्याची युक्ती आमच्या घरच्यांना पटली, कारण त्यात बोलण्याचे काम नाही. भट्टीच्या मतदानाचे गटात बोलून पाहीन, पण गटातल्या दोघींच्या घरची उपजीविका त्याच दुकानावर आहे, त्यामुळे ते सोपे नाही.

एक राहिले होते, ते लिहावे की नाही असे झाले होते. परवा हात उचलला गेला. वहिनी पोलिसांत जाणार नाहीत, कारण भाऊ आत गेले तर वावर कोण पाहील, असे त्या म्हणतात. शिवाय भाऊ चिडले की "मी औषध पितो" अशी, म्हणजे फवारणीचे विष पिण्याची, धमकी देतात. अशा वेळी मी बाहेरची बाई काही करू शकते का?

उत्तर: अंगणवाडी ताई, अमरावती जिल्हा

करू शकता, आणि कायदा तुमच्या बाजूने आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायद्यानुसार शेजाऱ्यालाही संरक्षण अधिकाऱ्याकडे माहिती देता येते, आणि ती प्रामाणिकपणे दिलेली असेल तर माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. संरक्षण अधिकारी महिला व बालविकास विभागाचे असतात. तुमच्या अंगणवाडी सेविकेला विचारा, त्या पत्ता देतील. हा मार्ग पोलीस तक्रारीपेक्षा वेगळा आहे. न्यायालय नवऱ्याला मारहाण न करण्याचा आदेश देऊ शकते, बाईला त्याच घरात राहण्याचा हक्क मिळतो, घर कोणाच्या नावावर आहे याने फरक पडत नाही. वहिनींची भीती भाऊ आत जाण्याची आहे. त्यांना हा मार्ग समजावून सांगा, पण त्यांच्या संमतीशिवाय अर्ज करू नका. जीवाला धोका दिसला तर मात्र संमतीची वाट न पाहता ११२ ला फोन करा. १८१ ही महिलांची आणि १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे.

वहिनींच्या रोजीचे आणि सरकारी योजनांचे पैसे त्यांच्याच नावाच्या खात्यात येतात का, ते पाहा. खाते संयुक्त असेल किंवा एटीएम कार्ड भाऊंच्या खिशात असेल तर नवे खाते काढून द्यायला बँकेत सोबत जा. कापूस गावात खेडा खरेदीवाल्याला विकला की रोकड भाऊंच्या हातात पडते आणि तीच रक्कम भट्टीची जुनी उधारी फेडते. यावर्षी विक्रीच्या दिवशी घरातला दुसरा कोणी मोठा माणूस हजर राहील असे आतापासून ठरवा. सालभराचा पैसा त्या एका दिवसात येतो.

उत्तर: परिचारिका, वर्धा

औषध पिण्याच्या धमकीविषयी मी लिहिते. नशेत दिलेली धमकी म्हणून ती सोडून देऊ नका. नशेतच ती जास्त घातक असते, कारण विचार करायला मधला वेळ मिळत नाही. फवारणीचे डबे त्यांच्या घरात किंवा वावरातल्या झोपडीत असतील तर वहिनींशी बोलून ते दुसरीकडे, कुलूप लावून ठेवायला सांगा. फवारणीच्या दिवशी लागेल तेवढेच काढावे आणि उरलेले त्याच दिवशी परत कुलपात जावे. भाऊ शुद्धीत असताना "तुम्हाला खरेच मरावेसे वाटते का" असे सरळ विचारले तरी चालते. विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही, उलट काही जण पहिल्यांदा मोकळे बोलतात. तसे बोलले तर त्यांना एकटे सोडू नका आणि दवाखान्याची वेळ पुढे ढकलू नका.

दवाखान्यात जायला ते तयार झाले तर सकाळच्या ओपीडीच्या वेळी न्या, आणि आदल्या रात्रीपासून दारू बंद करून नेऊ नका, नाहीतर बसमध्येच झटका यायचा. आधार कार्ड, रेशन कार्ड, चालू असलेल्या गोळ्यांची पाने सोबत असू द्या. वहिनींनी बरोबर असणे चांगले, पण त्यांची रोजी बुडते, म्हणून तुमचे घरचे गेले तरी चालेल. परत आल्यावर सुरुवातीचे काही महिने पोळा, धूळवड आणि कापसाचे पैसे येण्याचा दिवस हे सगळ्यात अवघड असतात. पोळ्याच्या दिवशी बैल घेऊन तोरणाखाली जाताना त्यांच्यासोबत न पिणारा कोणीतरी असावा आणि नंतरचे जेवण तुमच्याकडे ठेवावे. पुन्हा प्यायले तर उपचार वाया गेले असे समजून गोळ्या बंद करू नका, त्याच आठवड्यात परत दाखवा.

प्रश्नकर्तीचे उत्तर: कास्तकारीण

डबे आमच्या कोठ्यातल्या लोखंडी पेटीत ठेवायला वहिनी तयार आहेत. तांदळाच्या चुंगड्यापासून ती पेटी लांबच्या कोपऱ्यात आहे. भाऊंशी सकाळी आमचे घरचे बोलणार आहेत. ओपीडीचा वार कोणता, हे उद्या आशा ताईंना विचारून इथे लिहिते.